भिंतीवरचा तक्ता की खिशातलं कार्ड?

मारणं आणि मानसिक छळ २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतून बाद केलाच आहे, म्हणून छडीची बाजू इथे मांडत नाही. वर्गातला एखादा मुलगा सारखा जागेवरून उठतो, मधेच ओरडतो, शेजाऱ्याची वही ओढतो, आणि ताऱ्यांचा तक्ता (भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे चांगल्या वागण्याचे तारे) लावावा की त्या मुलाला रोजचं गुणांचं कार्ड द्यावं, हे ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंदूरला चौथीच्या वर्गात मी दोन्ही करून पाहिलंय.

तक्ता तयार करायला एक संध्याकाळ पुरते. पहिला आठवडा तर वर्ग इतका शहाण्यासारखा वागतो की आपल्यालाच नवल वाटतं. दुसऱ्या आठवड्यात मात्र माझ्याकडे एक सुरू झालं: "सर, इसका एक तारा काट दो!" फळ्याकडे वळलो की मागून हाक, हजेरी घेताना हाक, डबा खातानाही हाक. मुलं स्वतःच्या वागण्याकडे बघायचं सोडून त्या गोंधळ घालणाऱ्या एकट्यावर पहारा ठेवू लागली. त्याच्या हातून पेन्सिल पडली तरी चार बोटं त्याच्याकडे वळायची. त्याची ओळ तर रिकामीच होती. पालकसभेला आलेल्या एका आईंनी ती भिंतीवर वाचली आणि आपल्या मुलीची जागा बदलून मागितली. नऊ वर्षांच्या पोराची अडचण मी घरोघरी पोचवली होती. त्याच दुपारी तक्ता उतरवला.

कार्डाचं काम शांतपणे चालतं. सकाळी मुलगा येऊन भेटतो, आपण दोन शब्द बोलतो, कार्ड देतो. त्यावर जास्तीत जास्त तीन गोष्टी, आणि त्याही 'हे करू नकोस' अशा नव्हे, तर 'हात वर करून बोलेन' अशा. प्रत्येक तासाला प्रत्येक गोष्टीसाठी शून्य, एक किंवा दोन गुण, सुटताना बेरीज. तीन गोष्टी आणि सहा तास धरले तर एकूण ३६. साधारण ८० टक्के, म्हणजे २९ गुण, हे उद्दिष्ट ठेवतात. पण जो आज जेमतेम पंधरा मिळवेल त्याला पहिल्याच दिवशी २९ सांगू नये. मी अठरापासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत नेलं. माझ्या अनुभवात गुणांपेक्षा सकाळच्या त्या दोन मिनिटांनी जास्त काम केलं. कोणीतरी आपली वाट बघतंय, हे त्याला बहुधा हवं होतं.

कार्डाचा त्रास नाही असं नाही. ते हरवतं. इतर विषयांचे शिक्षक गुण द्यायला विसरतात. आणि जो मुलगा काम टाळण्यासाठीच गोंधळ घालतो, त्याला नुसत्या कार्डाने फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी पाचेक दिवस वहीत टिपून ठेवा: गोंधळाआधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दरवेळी भागाकार सुरू झाल्यावरच आरडाओरडा होत असेल, तर आधी भागाकाराची उदाहरणं सोपी करायला हवीत.

अख्खा वर्गच उधळला असेल, जसा आमच्याकडे रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दोन दिवस असतो, तेव्हा तक्ता उपयोगी पडेल. पण नावांचा नको, गटांचा करा. १९६९ साली अमेरिकेत चौथीच्याच वर्गात असा गटांचा खेळ करून पाहिला होता आणि गडबड चांगलीच कमी झाली होती. त्या मुलाचा मात्र वेगळा गट करू नका.

एका मुलासाठी विचाराल तर मी कार्डच देईन. फक्त ते घरी पाठवण्याआधी आईवडिलांना बोलावून घ्या. कमी गुण दिसले म्हणून घरी मार बसणार असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे कार्ड आपल्याच कपाटात राहू द्या आणि घरी फक्त चांगल्या दिवसाची चिठ्ठी पाठवा.