लांबी न विचारणारं गिऱ्हाईक

ऑनलाइन फसवणुकीत माझे एकूण ३७,७४४ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सोसायटीत आणि नात्यात वेगवेगळे आकडे फिरताहेत. एका नणंदेने तर तो दीड लाखावर नेऊन ठेवलाय.

प्रकार तुम्हाला माहीत आहे. फौजी असल्याचं सांगणारं गिऱ्हाईक, बदलीचं निमित्त, आणि पैसे देतो म्हणून पाठवलेला क्यूआर कोड. मलाही माहीत होता. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पेपरातल्या असल्या बातम्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवल्या आणि वर ‘लोक इतके बावळट कसे असतात’ असंही म्हटलं. ते आता सगळ्यांना नेमकं आठवतंय.

विकायचा होता सासरचा सागवानी झोपाळा. साडेचार फुटी पाट, पितळी कड्या. वाडा गेला आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हुकाला जागा नाही. जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर १८,५०० रुपयांना टाकला. पहिल्या दोन दिवसांत तिघांनी विचारलं. एकाने कड्यांना चुंबक लावून बघायला सांगितलं, पितळ असेल तर चिकटणार नाही म्हणाला. दुसऱ्याला पाटाच्या खालच्या बाजूचा फोटो हवा होता, वाळवी लागलीय का ते बघायला. तिसरीने बारा हजारांवर आणून वर टेम्पोचं भाडंही माझ्याच गळ्यात घातलं. मला तिघांचाही राग आला. पण खरी गिऱ्हाइकं तीच होती.

चौथा आला तो थेट ‘ओके मॅडमजी, फायनल’ म्हणत. एक रुपया कमी केला नाही. देवळालीला बदली झालीय, क्वार्टरमध्ये लावायचाय, माणूस टेम्पो घेऊन येईल. ओळखपत्र पाठवलं, गणवेशातला फोटो पाठवला. (तो फोटोतला जवान खरा असणार. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की आपल्या तोंडावर कोण काय विकत घेतंय. म्हणून कृपा करून सैन्याला शिव्या देऊ नका, आणि समोरच्याने स्वतःहून ओळखपत्र पाठवलं तर तिथेच सावध व्हा. खरं गिऱ्हाईक भाव विचारतं, स्वतःची ओळख पटवत बसत नाही.)

इथेच मला कळायला हवं होतं. त्याने झोपाळ्याची लांबी विचारली नाही. दोन हुकांमध्ये किती अंतर लागतं, ते विचारलं नाही. सरकारी क्वार्टरच्या स्लॅबला हुक आहेत का, हे तर मीच विचारायला हवं होतं. झोपाळा घेणारा माणूस पहिल्यांदा आढ्याकडे बघतो! सासऱ्यांनी तो वाड्यात टांगला तेव्हा सुतार दोरी घेऊन अर्धा दिवस मापं घेत होता, ते मी नवी नवरी असताना डोळ्यांनी पाहिलंय. तरी रात्री तीन वाजता अंथरुणात उठून बसले तेव्हा हे सुचलं, पैसे गेल्यावर दोन दिवसांनी.

त्याची विचित्र मागणी अशी की पैसे युनिटच्या खात्यातून येणार आणि ‘हमारा सिस्टम उल्टा चलता है’. म्हणून आधी मी पाच रुपये पाठवायचे. पाठवले. दहा परत आले. झालं, विश्वास बसला. मग ९,२५० रुपयांचा क्यूआर, निम्मी रक्कम म्हणून. खाली इंग्रजीत ‘रिसीव्ह’ लिहिलेलं. स्क्रीनवर नाव भलत्याच कुणाचं तरी होतं. मला वाटलं, युनिटचे अकाउंटंट असतील. पिन टाकला. पैसे गेले.

तिथे थांबले असते तर ९,२५० वरच निभावलं असतं. तो फोनवर इतका ओशाळला, ‘सॉरी मॅडमजी, उलटी एंट्री हो गयी, पूरे १८,५०० की करनी पडेगी, फिर २७,७५० एक साथ आयेगा’. दुसऱ्यांदा पिन. मग रिफंडची फाइल उघडायला ९,९९९. तिसऱ्यांदा पिन. सगळं मिळून अकरा मिनिटं. त्यात कुकरच्या शिट्ट्या चालू, दारात इस्त्रीवाला उभा, आणि हा माणूस क्षणभर फोन ठेवू देत नव्हता. फोन ठेवू न देणं हाच त्यांचा धंदा आहे. ठेवा. उद्धट ठरलात तरी ठेवा.

मुलगा संध्याकाळी एवढंच म्हणाला, ‘आई, पैसे घ्यायला पिन लागतो का कधी?’ नाही लागत. क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. स्कॅन करतो तो देतो. हे मला माहीत होतं, शपथ घेऊन सांगते.

आता पुढचं ऐका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. चाळीस मिनिटांनी लागला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तेवढं माणसासारखं वागणं मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. आणि आधी १९३० ला फोन करा, नवऱ्याला नंतर सांगा. मी उलट केलं आणि त्यात दीड तास गेला.

बँकेत काउंटरवर पहिला प्रश्न, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो. ‘मग बँक काय करणार?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमात ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान ग्राहकावरच, हे मला मान्य आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते तरी तातडीने गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. शिक्का मारणारे साहेब रजेवर. तीन दिवस मी या दोन इमारतींमध्ये रिक्षाने येरझारा घातल्या, भाडं ४६० रुपये, तेही वरच्या आकड्यात धरलेलं नाही. शेवटी ठाणे अंमलदार म्हणाले, आरोपी परराज्यातला, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे बोलले तर माझ्याकडे बघून म्हणतात, ‘मॅडम, एवढं वाचता, मग क्यूआर कशाला स्कॅन केलात?’ शेजारचा शिपाई हसला. एफआयआर नाही, नुसता अर्ज घेतला. त्यावरचा पोचेचा शिक्काही मी मागून घेतला. तुम्ही तोही सोडू नका.

हाती काय लागलं? तिसऱ्या कुठल्याशा खात्यात २,३१२ रुपये अडकवून ठेवलेत. ते सोडवायला मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. वकिलाने तीन हजार सांगितले.

त्यातच गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला, तुमचे पैसे मिळवून देतो, प्रोसेसिंगचे १,५०० भरा. माझ्या तक्रारीचा क्रमांक त्याला कसा कळला, हे कुणीतरी सांगा. आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही हेच लोक बसलेत. कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा.

झोपाळा काल गेला. तेरा हजार, रोख. घ्यायला आलेल्या काकांनी टेप काढून पाट दोनदा मोजला, कड्यांना चुंबक लावून बघितलं, आणि हुकांचे बोल्ट सोबत नाहीत म्हणून आणखी दोनशे कमी करून घेतले. मी काही बोलले नाही. चहा मात्र केला त्यांच्यासाठी.