‘गॅल्व्हनाइज’साठी कोणता कोश उघडावा? तीन ऑनलाइन कोशांची तपासणी

‘गॅल्व्हनाइज’ या इंग्रजी क्रियापदाला ‘उत्तेजित करणे’ असा प्रतिशब्द देऊन मोकळा होणारा कोश वाचकाला तोंडघशी पाडतो. उत्तेजित माणूस जागेवर बसूनही राहील. गॅल्व्हनाइज झालेला उठून कामाला लागतो. ‘हादरवून किंवा पेटवून कामाला लावणे’ हे त्यातल्या त्यात जवळचं.

लिहिणाऱ्यासाठी ऑक्सफर्ड लर्नर्स सरस. अर्थाबरोबर तो वाक्यरचनाही देतो: ‘समबडी इनटू समथिंग’ किंवा ‘इनटू डूइंग समथिंग’. चुका नेमक्या इथेच होतात. ‘इनटू’च्या जागी ‘टू’ घातलं जातं, किंवा ‘इनटू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. ‘इनटू अ‍ॅक्ट’ चूक. ‘इनटू अ‍ॅक्टिंग’ किंवा ‘इनटू अ‍ॅक्शन’ बरोबर. शिवाय क्रियापद सहसा सकर्मक वापरतात. ‘द वर्कर्स गॅल्व्हनाइज्ड’ एवढंच लिहिलं तर कामगारांनी कुणाला उठवलं हा प्रश्न उरतो. कामगारच उठले असतील तर मध्ये ‘वेअर’ हवं. कर्म माणूसच असलं पाहिजे असं नाही, ‘सपोर्ट’ही चालतं. ‘धातूवर जस्ताचा थर चढवणे’ हा अर्थ हा कोश दुसऱ्या क्रमांकावर, तांत्रिक म्हणून वेगळा दाखवतो.

मेरियम-वेब्स्टर अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो, त्यामुळे आधी विजेचा प्रवाह भेटतो आणि घाईतला वाचक तिथेच फसतो. पण शब्द डोक्यात पक्का बसवायचा तर हाच कोश. इटलीतल्या बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय विजेने आखडताना पाहिले आणि 1791 मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. शब्द त्यांच्या नावावरून आला. तो झटका लक्षात ठेवला की ‘हळूहळू गॅल्व्हनाइज केलं’ असं वाक्य लिहिलं जात नाही. (गंमत म्हणजे जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) पत्र्याच्या नावात हाच शब्द असला, तरी नेहमीच्या पद्धतीत वीज वापरतच नाहीत: लोखंड सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात.)

केंब्रिजची व्याख्या सोपी, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. वाचताना अडलं तर पुरेसा. आघात पहिल्या अक्षरावर, ‘गॅल्’वर.

समानार्थी शब्दांच्या याद्यांवर मात्र विसंबू नका, मग त्या कुठल्याही कोशातल्या असोत. ‘राउज’ने झोपलेल्याला उठवतात. ‘अराउज’पुढे संशय, कुतूहल अशी भावना येते, तिथे माणूस ठेवला तर लैंगिक छटा येऊ शकते, आणि कार्यालयीन पत्रात ती महागात पडेल. ‘इन्साइट’ म्हणजे सरळ चिथावणं, बहुधा हिंसेला किंवा गुन्ह्याला. यादीतला शब्द उचलण्याआधी त्याची उदाहरणं उघडा आणि पुढे कर्म काय येतं ते बघा.