फिन आणि शक्तिमान

दोन्ही घटना २०१६ च्या. मार्चमध्ये देहरादूनच्या मोर्चात उत्तराखंड पोलिसांच्या शक्तिमान घोड्याचा पाय मोडला आणि एप्रिलमध्ये तो गेला. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात फिन या पोलीस श्वानाला संशयिताने चाकूने भोसकलं. फिन वाचला.

तिथे फिनवरचा वार सुरुवातीला मालमत्तेचं नुकसानच ठरला होता. लोक चिडले, मोहीम उभी राहिली आणि २०१९ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी कायदा बदलला. कामावरच्या श्वानाला किंवा घोड्याला इजा केल्यावर 'मी फक्त स्वतःला वाचवत होतो' ही पळवाट आता चालत नाही. माझ्या मते खरी ताकद इथेच आहे. २०२१ मध्ये तिथे प्राण्यांवरच्या क्रूरतेची कमाल शिक्षाही सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली.

आपल्याकडे पोलिसांच्या जनावरांसाठी असा वेगळा कायदा नाही. जनावराला मारणं किंवा अपंग करणं यासाठीच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्येही कमाल पाच वर्षंच आहेत, म्हणजे कागदावर बरोबरी. पण गुन्ह्याचं नाव 'आगळीक', म्हणजे कायद्याच्या भाषेत मालमत्तेचं नुकसान. पुन्हा मालमत्ताच! आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात वडापाव आणि चहा जेमतेम होतो.