समांतर दल की नागरी नियंत्रण?

लष्करी उठाव गोमंतकीयांना परका नाही. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये सैन्याने प्रजासत्ताक उलथवले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या राजवटीचा जाच पणजीपासून पेडण्यापर्यंत १९६१ पर्यंत सोसावा लागला. म्हणून असा उठाव कसा रोखावा, हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो.

पहिला मार्ग म्हणजे सैन्याला शह देणारे निष्ठावंत दल उभारणे. आफ्रिकेतील घानात अध्यक्ष एन्क्रुमा यांनी स्वतःचे संरक्षक दल पोसले. त्याला मिळणाऱ्या झुकत्या मापामुळे नियमित सैन्यात खदखद वाढली आणि २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, ते परदेशी असताना, त्यांची सत्ता गेली. ज्या उपायाने धोका टळावा, तोच धोक्याचे एक कारण ठरला.

दुसरा मार्ग, म्हणजे सैन्यावर नागरी नियंत्रण, संथ आहे. भारताने १९४७ मध्ये तिन्ही दलांना स्वतंत्र प्रमुख दिले आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामही रद्द केले, तर अर्थसंकल्प संसदेच्या हाती राहिला. यातही सत्तेची विभागणी आहेच, परंतु ती कोणा नेत्याच्या संरक्षणासाठी नसून कायद्याच्या चौकटीत आहे, आणि मला हाच भेद निर्णायक वाटतो. मात्र निवडणुकांवरचा विश्वास ढासळला, तर ही चौकटही अपुरी पडते.