घरपट्टीच्या पावत्यांवर विसंबून दिलेला इसार

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातील साखर पेठेत एका जुन्या माळवदाच्या घराचा व्यवहार मी ठरवला आणि मालक कोण याची नीट खात्री न करता चार लाख रुपये इसार देऊन बसलो. विकणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी महापालिकेच्या पंधरा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले आणि कर आकारणीचा उतारा असा जाडजूड गठ्ठा पुढे ठेवला, आणि प्रत्येक कागदावर त्यांचेच नाव होते. मालमत्ता पत्रक, म्हणजे ज्याला आपण सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतो, ते मात्र "नाव लावायचे काम चालू आहे" असे सांगून त्यांनी दाखवले नाही. तेथेच मी थांबायला हवे होते.

मध्यस्थाने दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेतला, घराची कोणतीही विक्री नोंदलेली नाही असे सांगितले आणि आम्ही ते घर निर्वेध असल्याचे मानले. वस्तुतः वारसाने आलेल्या घराचे खरेदीखत होतच नाही. त्यामुळे सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे त्या कार्यालयातील नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, काही न सापडणे स्वाभाविक होते आणि त्यावरून मालकीविषयी काहीच कळत नव्हते. इसारपावती नोटरीसमोर झाली. तिचा शिक्का पाहून मला उगीचच धीर आला.

पुढे कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी मालमत्ता पत्रक मागितले, तेव्हा मी स्वतः नगर भूमापन कार्यालयातून ते काढले. त्यावर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचे नाव होते. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे विक्रेत्याच्या तिन्ही बहिणी त्यांच्याइतक्याच वारस होत्या. जाब विचारल्यावर "बहिणींना लग्नात सगळे दिले आहे" असे म्हणत त्यांनी एक साधे संमतिपत्र पुढे केले, पण असा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, हे मला वकिलांकडून तेव्हा कळले. अक्कलकोटच्या बहिणीला फोन केला, तर सही तिची नव्हतीच. घरपट्टीला मात्र नाव केवळ प्रतिज्ञापत्रावर लागले होते. कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच ती नोंद सांगते, मालक कोण हे नाही.

त्या बहिणीने न रागावता एक गोष्ट सांगितली: शेजारच्या वाड्यात त्यांची मावशी राहते आणि मी घर पाहायला तीनदा गेलो, तेव्हा एकदा जरी दार वाजवले असते तरी सगळे कळले असते. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली असती, तरी बहिणींची हरकत इसारापूर्वीच आली असती. तो खर्च मी वाचवला होता.

पोलीस ठाण्यात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून अर्ज तेवढा घेतला गेला. आतापर्यंत सव्वा लाख रुपये परत आले आहेत. बाकीच्या रकमेसाठी दिलेला धनादेश वटला नाही, आणि तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी वसुलीचा दावा दाखल करण्याची तयारी सध्या चालू आहे.