लिंगाचा वाक: ट्रॅक्शन, इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

संभोगात 'कट' असा आवाज आला, ताठरता लगेच गेली आणि लिंग सुजून काळंनिळं पडलं, तर पुढे वाचत बसू नका. आत्ताच रुग्णालय गाठा. आतलं आवरण फाटलेलं असू शकतं आणि ते शिवावं लागतं.

खालची तुलना आहे ती नंतरच्या दुखण्याची. मोठी इजा किंवा नकळत झालेल्या बारीक इजा भरताना आवरणात कडक वण धरतो, हाताला गाठ लागते, ताठर लिंग वाकतं. हाच पेरोनीचा आजार. वाक अजून वाढत असेल, तर शस्त्रक्रिया करू नये. तो निदान ३ महिने तरी स्थिर राहिलेला हवा. ट्रॅक्शन मात्र या काळातही सुरू करता येतं, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा.

ट्रॅक्शन म्हणजे उपकरणाने रोज ठरावीक वेळ दिलेला सौम्य ताण. त्याने वणातल्या कोलॅजनची (वण ज्या प्रथिनाचा बनतो त्याची) रचना हळूहळू बदलते. काही उपकरणं दिवसाला ६ ते ८ तास लावावी लागतात. नोकरी करणाऱ्याला ते कसं जमणार? २०१९ साली मायो क्लिनिकच्या चाचणीत ११० पुरुष होते. नव्या उपकरणाने रोज ३० ते ९० मिनिटं, ३ महिने ताण दिल्यावर वाक सरासरी ११.७ अंशांनी उतरला, लांबी १.५ सेंमी वाढली. चमत्कार नाही, पण गेलेली लांबी थोडी परत देणारा उपाय दुर्मीळच. बधिरपणा आला किंवा टोक निळसर झालं, तर उपकरण लगेच काढा. मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

कोलॅजिनेजच्या (वणातलं कोलॅजन तोडणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ मध्ये ३० अंश किंवा जास्त वाकासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्के उतरला, नुसत्या औषधविरहित इंजेक्शनने १८ टक्के. आवरण फाटण्याचा धोका मात्र असतो.

लिंग सरळ करण्यात शस्त्रक्रियेइतकं खात्रीचं काही नाही. टाके घेऊन सरळ केलं तर लांबी घटते. कलम, म्हणजे ऊतीचा तुकडा, लावलं तर लांबी वाचते, पण ताठरता कमी होण्याची भीती राहते. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. शॉकवेव्हने (बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी) दुखणं कमी होतं, वाक नाही.

वाक थोडा आणि संभोग जमत असेल, तर मी ट्रॅक्शनपासूनच सुरुवात करायला सांगेन. संभोगच अशक्य असेल आणि वाक स्थिर झाला असेल, तर आणखी महिने घालवू नका, युरोलॉजिस्टशी शस्त्रक्रियेचं बोला. जाताना ताठर अवस्थेतले वरून आणि बाजूने काढलेले फोटो न्या. लाजू नका, त्यावरून डॉक्टरांना वाकाचा अंदाज येतो.