इंग्रजी विकिपीडियाची वाद-निवारण व्यवस्था: मजकुराला बरी, शैलीला तोकडी

इंग्रजी विकिपीडियावर संपादनावरून जुंपली तर दाद मागायच्या जागा पुष्कळ आहेत. त्यातली आपल्या कामाची कोणती, हे मदतपानांच्या जंजाळातून शोधणं मात्र वैतागाचं. आधी एवढंच ठरवावं: वाद मजकुराचा आहे की वागणुकीचा? 'हा संदर्भ चालेल का' असला प्रश्न प्रचालकांच्या, म्हणजे बंदी घालण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांच्या, तक्रारफलकावर नेला, तर लेखाच्या चर्चापानावर परत पाठवलं जातं. शिवाय तिथे तक्रारदाराचीही संपादनं उकरली जातात आणि कधी कधी बंदी त्याच्यावरच येते.

आपला बदल कुणी उलटवला, म्हणजे रद्द केला, की तो परत आणू नका. चर्चापानावर नवा विभाग उघडा आणि पानाच्या इतिहासातल्या नेमक्या फरकाचा दुवा द्या. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते. नवखे इथेच फसतात. दर वेळी वेगळं वाक्य उलटवलं तरी ते मोजणीत धरतात. तीन हा हक्काचा कोटाही नव्हे. ओढाताण चालू दिसली तर त्याआधीच कारवाई होते.

वाद दोघांतच असेल तर 'थर्ड ओपिनियन', म्हणजे बाहेरच्या एका सदस्याचं मत मागणं, ही या व्यवस्थेतली सर्वांत सुटसुटीत सोय. तटस्थ शब्दांत एक ओळ लिहायची आणि शेवटी नावाऐवजी फक्त वेळेचा ठसा उमटवायचा, म्हणजे पाच टिल्डे (~~~~~). येणारं मत बंधनकारक नसतं, तरी पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. तिसरा सदस्य वादात उतरलेला असेल तर ही सोय मिळत नाही. मग 'डीआरएन', म्हणजे वाद-निवारण फलक. तिथे स्वयंसेवक मध्यस्थ मिळतो, पण चर्चापानावर आधी पुरेशी चर्चा झालेली लागते. समोरच्यांना कळवावं लागतं, आणि त्यांनी यायचंच नाही असं ठरवलं तर पुढे काही होत नाही.

खरं वजन 'आरएफसी'ला, म्हणजे बाहेरच्या सदस्यांकडून जाहीर मतं मागवण्याला, आहे. ते वाया जातं ते बहुधा प्रश्नामुळे. 'अमक्याने घुसडलेला एकांगी परिच्छेद काढावा का?' असं विचारलं की पहिला आठवडा प्रश्नाच्या शब्दांवरच भांडण्यात जातो. 'प्रस्तावनेत हे वाक्य असावं का?' एवढं पुरे. आपली बाजू खाली वेगळ्या मतात मांडावी. प्रश्नाखाली सही विसरली किंवा तो फार लांबला, तर बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) तो आरएफसींच्या यादीत नीट घेत नाही आणि बाहेरचं कुणी फिरकत नाही. फक्त आपल्या बाजूच्या लोकांना निवडून बोलावणं हे तर नियमभंगच. साधारण ३० दिवसांनी बॉट आरएफसीची खूण असलेला साचा काढतो; त्याचा अर्थ निकाल लागला असा नव्हे. एकमत उघड नसेल तर समारोपाची, म्हणजे कुणी तटस्थ सदस्याने चर्चेचा निष्कर्ष लिहावा अशी, वेगळी विनंती करावी लागते, आणि ती रखडते. समारोप करणारा डोकी मोजत नाही, धोरणाला धरून असलेले युक्तिवाद तोलतो. निदान तशी अपेक्षा आहे.

शैलीच्या वादात मात्र हीच व्यवस्था हतबल दिसते. मजकुराचा वाद संदर्भ आणून मिटवता येतो. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन, तारीख आधी की महिना, लेखाच्या कोपऱ्यातली माहितीचौकट हवी की नको, यांना संदर्भ कुठला आणणार? शैलीपुस्तिकेचं उत्तर व्यवहारी आहे: दोन्ही प्रकार मान्य असतील तर लेखात आधीपासून असलेला तसाच ठेवा, विषयाचं एखाद्या इंग्रजीभाषक देशाशी घट्ट नातं असेल तर तिथली पद्धत वापरा. तरीही 'योगर्ट'च्या स्पेलिंगमध्ये 'एच' असावा की नसावा, हा वाद वर्षानुवर्षं घोळत राहून २०११ मध्ये शीर्षकातला 'एच' गेला तेव्हा मिटला. माहितीचौकटींचं प्रकरण तर २०१३ मध्ये लवाद समितीपर्यंत गेलं. ही समिती सदस्यांच्या वागणुकीवर निर्णय देते. चौकट असावी की नाही, हे ती सांगत नाही.

आरएफसीचा निकाल पटला नाही तर आधी समारोप करणाऱ्याच्याच चर्चापानावर विचारावं, मग प्रचालकांच्या फलकावर फेरतपासणी मागावी. 'माझा मुद्दा बरोबर होता' हे तिथे चालत नाही. चर्चेचा अर्थ चुकीचा लावला गेला, हे चर्चेतली वाक्यं पुढे ठेवून दाखवावं लागतं.